दोन कुलपांचा कोंडवाडा

तक्रार करावी, पण ती इतक्या नीटनेटक्या मराठीत करू नये की सरकारला तक्रारदारच आवडून जावा. माझं नेमकं तसं झालं.

जून महिन्यात बस स्टँडसमोर रस्त्याच्या मधोमध बसलेल्या एका गाईला वाचवताना मी स्कूटरसकट उताणा पडलो. गाय उठली नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रवंथ पुढे चालू ठेवला. माझा उजवा खांदा मात्र तेव्हापासून कामातून गेला. आमचं गाव साकोलीच्या अलीकडे, महामार्गाला चिकटून. घरोघरी ट्रॅक्टर आल्यापासून बिनकामाची जनावरं रस्त्यावर येऊन बसायला लागली, आणि त्यांच्यात ट्रकचे ड्रायव्हर, शाळेची पोरं आणि माझ्यासारखे सरकारी नोकर रोज जीव मुठीत धरून वाट काढू लागले. मी पोस्टात आहे, चोवीस वर्षं. कागद कसा लिहावा हे मला कोणी शिकवू नये. नगरपंचायतीच्या पोर्टलवर मी नऊ मुद्द्यांची तक्रार टाकली, सोबत खांद्याचा एक्स-रे जोडला.

आठ दिवसांनी मुख्याधिकाऱ्यांचं बोलावणं आलं. साहेब तरुण होते, उठून उभे राहिले, हात मिळवला. खांदा कळवळला, पण मी दाखवलं नाही.

"शहारे साहेब, शासन एकटं काय काय करणार? लोकसहभाग पाहिजे. तुमच्यासारखी माणसं पुढं आली पाहिजेत."

मी आत गेलो तेव्हा तक्रारदार होतो, बाहेर आलो तेव्हा 'मोकाट जनावरे नियंत्रण नागरिक-प्रशासन भागीदारी समिती'चा अध्यक्ष होतो. बाकीचे चार सदस्य मी आजवर पाहिलेले नाहीत.

आठवडी बाजाराच्या मागे जुना कोंडवाडा आहे. पुरुषभर उंचीच्या दगडी भिंती, लोखंडी फाटक. आत मोडक्या घंटागाड्या पडल्या होत्या, त्या हलवल्या. पण खरी अडचण वेगळी होती. सकाळी धरलेलं जनावर संध्याकाळपर्यंत कोणा ना कोणा भाऊंच्या फोनवर सुटायचं. यावर उपाय म्हणून मी नियमावली लिहिली. नियम तीन: गळ्यात दोर वा नाकात वेसण नसलेले जनावर मोकाट समजण्यात यावे. नियम सात, जो माझा विशेष अभिमानाचा: फाटकाला दोन कुलपे राहतील, एक नागरिकांचे आणि एक प्रशासनाचे, दोन्ही चाव्या एकत्र आल्याशिवाय कोणतेही जनावर सुटणार नाही. मुख्याधिकारी खूश झाले. मी एक कुलूप आणि त्यांनी एक कुलूप धरलेला फोटो पेपरात आला. फाटकावर पाटी लागली: 'कुलूप तोडणाऱ्यावर फौजदारी गुन्हा दाखल करण्यात येईल. हुकुमावरून, समिती अध्यक्ष.' फाटकाच्या बिजागऱ्या ढिल्या होत्या, त्याही मी मागे लागून सिमेंटमध्ये पक्क्या करून घेतल्या. हे सगळं पुढे माझ्याच अंगावर येणार होतं.

माझी बायको रीना पाटी वाचून एवढंच म्हणाली, "कुलूप लावाची लय हौस हाय तुमाले. घरची चावी तं रोज इसरता."

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला पोस्टात मी हिशोबाच्या गडबडीत असताना डोमा रजिस्टर घेऊन आला. डोमा म्हणजे नगरपंचायतीचा कोंडवाड्यावरचा माणूस. वय पंचावन्न, अठरा वर्षं ठेक्यावर, आणि कायम करायच्या यादीत यंदा पहिल्यांदाच त्याचं नाव आलं होतं. त्यानं खिडकीतून रजिस्टर आत सरकवलं. 'बैल, पांढरा, शिंगे आखूड, गळ्यात दोर नाही, नाकात वेसण नाही. ठिकाण: तलावाची पाळ.' मी सही केली, समितीचं कुलूप त्याच्या हातात दिलं, चावी माझ्या खिशात ठेवली. माणूस इतक्या सहज कोणाचा घात करू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात पार्वताबाई उभ्या. शेजारच्या यादोरावांची बायको, माझी काकू.

"सुगत, बापू, आमच्या पाखऱ्याले तुया कोंडवाड्यात टाकलं म्हनतेत. खरं हाय का?"

इथं यादोराव आणि पाखऱ्याबद्दल सांगितलंच पाहिजे. यादोराव म्हणजे माझे काकाजी. रक्ताचं नातं नाही, पण माझे वडील आणि ते एका बाकावर शिकले आणि पुढे एकाच बैलजोडीनं दोघांची धानाची बांधी चिखलली. आमच्या घरी पूजाअर्चा नाही, वडील असतानाही नव्हती. तरी पोळा फुटला की काकाजींची जोडी सगळ्यांत आधी आमच्या दारात येते, आणि रीना पाखऱ्याला पुरणाची पोळी चारते. गावाच्या पोळ्यात मानाची जोडी त्यांचीच. पाखऱ्या आणि चांद्या तोरणाखाली पहिल्या नंबरात उभे राहिल्याशिवाय तोरण तुटत नाही आणि पोळा फुटत नाही. वॉर्डात बैलजोडी ठेवणारे आता तेच एक उरले आहेत. मुलगा पुण्याला, काकाजी चौऱ्याहत्तरचे, साखरेचे पेशंट.

मी कपडे चढवून कोंडवाड्यावर धावलो. पाखऱ्या आत उभा होता. फाटकाबाहेर, बरोबर माझ्या पाटीखाली, काकाजी दगडावर बसले होते. त्यांच्या मांडीवर नवा कोरा दोर होता, पिवळ्या-लाल गोंड्यांचा.

"काकाजी, त्याच्या गळ्यात दोर नव्हता," मी म्हणालो. इतक्या वर्षांत इतकं मूर्ख वाक्य मी बोललो नव्हतो.

"नसनच," काकाजी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "काल खांदशेकनी होती. खांद्याले तूप-हयद लावलं, जुना दोर काढला, 'आज आवतन घे, उद्या जेवाले ये' म्हनून आवतन देल्लं. आज नवा दोर. मंधातली येक रात तो कोनाचा बांधेल नसते. माह्या बापानं असंच केलं. तुया बापानंबी असंच केलं. तुले मालूम नाई का?"

मला माहीत होतं. लहानपणी वडिलांच्या मागे उभा राहून मी ते दर वर्षी पाहिलं होतं. वर्षातल्या ज्या एका संध्याकाळी गावातला प्रत्येक इमानदार बैल बिनदोराचा असतो, त्याच संध्याकाळी माझा नियम तीन जोरात राबवला गेला होता. बाकीचे हुशार होते, त्यांनी बैल गोठ्यात ठेवले. काकाजींनी मात्र बापाच्या रिवाजाप्रमाणे तलावाच्या पाळीवर मोकळे सोडले होते. चांद्या आपसूक घरी आला. पाखऱ्या हिरवं गवत पाहून रेंगाळला.

"डोमा, तू ओळखलं नाहीस?" मी विचारलं.

"वाटलं तं होतं साहेब. पन नियमात बैलाचं नाव कोठी हाय? दोर हाय का नाई, येवढंच हाय."

मी माझी चावी काढली. दुसरी चावी नगरपंचायतीच्या कमलेश बाबूकडे. कमलेश काल सहाला कुलूप दाबून जो निघाला तो थेट नाकाडोंगरीला, सासुरवाडीला. नाकाडोंगरी म्हणजे तुमसरच्याही पलीकडे, जंगलाच्या कडेला. फोन लागेना.

तेवढ्यात पार्वताबाईंनी मला बाजूला घेतलं.

"त्यायनं कालच्या रातपासून अन्नाले हात लावला नाई. सकायची साखरेची गोयी मात्र घेतली. म्हनते, मी त्याले जेवाले बलावलं, तो उपाशी असन तं मी कसा जेवू? डाक्टरनं सांगतलं होतं बापू, गोयी घेऊन उपाशी रायले तं मानूस हातचा जाते."

मी काकाजींकडे गेलो. बिस्किटाचा पुडा पुढे केला. त्यांनी तो शांतपणे बाजूला ठेवला.

"मग पाखऱ्याला इथंच चारू या ना. फाटकातून पुरणपोळी आत देऊ," मी म्हणालो.

"पाहुना घरी जेवते. जेलात नाई."

पोळा चार वाजता फुटायचा. साडेआठ वाजले होते.

इथून पुढे गावानं मला सल्ले द्यायला सुरुवात केली. समोरच्या कुंताबाईंचं म्हणणं, आत पोत्यांची थप्पी लावा, बैल चढून भिंतीवरून उतरन. एकानं सुचवलं, फाटकच बिजागऱ्यांतून उचला. सगळे फाटकाला भिडले, मग सिमेंट पाहून माझ्याकडे बघायला लागले. वेल्डिंगवाला पोळ्यामुळे बंद. शेवटी एका पैलवानानं मोठा धोंडा उचलला आणि सरकारी कुलपावर नेम धरला, तेव्हा मी स्वतः फाटकाला पाठ लावून आडवा झालो. सरकारी मालमत्ता, फौजदारी गुन्हा, माझी नोकरी, डोमाचं कायम होणं, असं काहीबाही मी बोललो. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पोस्टाचा शिक्का मारून बैलाले घरी पाठवा ना मंग." लोक हसले. काकाजी हसले नाहीत. ते हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. साहेब नागपूरला होते.

"शहारे साहेब, मला वाईट वाटतंय. पण तोंडी आदेशावर जनावर सोडलं तर चुकीचा पायंडा पडेल. हे तुमच्याच तक्रारीतलं वाक्य आहे. मुद्दा पाच."

त्यांच्या पाठांतराचं मला कौतुक वाटलं असतं, पण तेवढी सवड नव्हती. साडेदहाला कमलेशचा फोन आला. तो कुठल्यातरी टेकाडावर चढून बोलत होता.

"साहेब, आता तं नाई निंघता येत. जावई पोळ्याच्या दिवशी जेवल्याबिगर निंघाला तं सासू जलमभर बोलन. येक काम करतो. माह्या साळ्याची दुपारची पाळी हाय वरठीच्या कारखान्यात. त्याच्यापाशी चावी देतो. तुमी दीड वाजता टेसनापाशी या."

आवतण त्यालाही होतं.

वरठी पन्नासेक किलोमीटर. रीनानं रेनकोट दिला आणि विचारलं, "तुमी खाल्लं का काई?" मी म्हणालो, काकाजी जेवतील तेव्हा बघू. महामार्गावर पाऊस आडवा लागत होता. लाखनीजवळ ट्रकनं उडवलेलं पाणी सरळ तोंडावर आलं. भंडाऱ्याच्या पुलावर खांद्यातून कळ उठायला लागली ती थांबेचना. आणि वाटेत तीन ठिकाणी रस्त्याच्या मधोमध मोकाट जनावरं बसलेली होती, बिनधास्त, कोणाच्या समितीची पर्वा नसलेली. मी प्रत्येकाला वळसा घालून गेलो. मनात एकच हिशोब चालू होता: काकाजींनी गोळी सकाळी किती वाजता घेतली असेल?

साळा दीडच्या जागी अडीचला आला. कडीत तीन चाव्या होत्या. "याच्यातलीच येक हाय म्हनते कमलेश भाटवा," एवढं सांगून तो पाळीला पळाला. मी स्कूटर वळवली. येताना मी किती वेगानं आलो हे लिहीत नाही, नोकरीत आहे.

साडेतीनला कोंडवाड्यावर पोचलो तेव्हा गर्दी दुप्पट झाली होती, पण आवाज नव्हता. काकाजी दगडावरून खाली उतरून भिंतीला टेकले होते. कपाळावर घाम, आणि दोर धरलेला हात बारीक थरथरत होता. पार्वताबाई पदरानं वारा घालत होत्या. आतून पाखऱ्या फाटकाच्या गजांना नाक लावून उभा होता.

पहिली चावी लागली नाही. दुसरी लागली नाही. तिसरी आत गेली, पण फिरली नाही. डोमानं कडी हातात घेऊन पाहिली.

"साहेब, हे जन्म-मृत्यूच्या कपाटाची. हे पान्याच्या टाकीची. अन् हे कमलेश बाबूच्या घरची."

कोणी हसलं नाही. कमलेशचा फोन पुन्हा बंद. तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

मी काकाजींपुढे गुडघ्यावर बसलो. "काकाजी, एक घास खा. तुमच्या पाया पडतो."

"सुगत," त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा होता, "साठ वरसात माह्या दारचा पाहुना उपाशी नाई रायला. तुया बाप असता तं त्यानं तुले सांगतलं असतं."

मी उठलो. आयुष्यात मी कधी सिग्नल तोडला नाही, कधी रांगेत पुढे घुसलो नाही. कुंताबाईंच्या दारातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलून आणली. आधी खिशातली चावी काढून नागरिकांचं कुलूप रीतसर उघडलं. डोमाच्या काखेतलं रजिस्टर घेऊन त्यात नोंदही केली: 'नागरिक पक्षाचे कुलूप नियमानुसार उघडले, वेळ ३.४०.' लोक वेड्यासारखे माझ्याकडे पाहत होते. मग सरकारी कुलपात सब्बल अडकवून मी जोर लावला. खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांसमोर अंधारी आली आणि सब्बल हातातून निसटली.

ती खाली पडायच्या आत डोमानं पकडली.

"सरका साहेब."

"डोमा, वेडा आहेस का? तुझं नाव यादीत आहे."

"मालूम हाय. पन सरकारी कुलूप हाय, सरकारच्या मानसानंच तोडलं पायजे. तुमचं तुमी खोललं, आमचं आमी तोडतो. नाई तं भागीदारी कायची?"

त्यानं एकदाच हिसका दिला. कुलूप तुटून माझ्या पाटीखाली पडलं. फाटक उघडलं आणि पाखऱ्या सरळ चालत काकाजींपाशी येऊन उभा राहिला. काकाजी भिंतीला धरून उठले, त्याच्या गळ्यात नवा दोर बांधला, गाठ दोनदा तपासली.

मी रजिस्टरमध्ये पुढची ओळ लिहिली: 'प्रशासनाचे कुलूप समिती अध्यक्ष सु. रा. शहारे यांनी तोडले.' डोमानं ती वाकून वाचली.

"हे कायले लिवलं? तोडलो तं मी."

"रजिस्टर अध्यक्षाच्या ताब्यात असतं. नियम नऊ."

"नियम आठच हायेत साहेब."

"आता नऊ झाले," मी म्हणालो. त्या एका ओळीवरून पुढे मला जो खुलासा द्यावा लागला तो चार पानांचा झाला. पण डोमाचं नाव यादीतून हललं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी पाखऱ्या आणि चांद्या तोरणाखाली आले. तोवर गावातल्या सगळ्या जोड्या पावसात खोळंबून उभ्या होत्या, कोणी तोरणाला हात लावला नव्हता. काकाजींना दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं. पोळा फुटला. मी लांबून, पोस्टाच्या ओट्यावरून पाहिलं. जवळ जायचं धाडस झालं नाही.

घरी आलो तर रीना पुरणपोळीचं ताट घेऊन दारात उभी होती. दर वर्षी जोडी आधी आमच्याकडे यायची. घुंगरांचा आवाज जवळ आला, दारासमोरून गेला आणि शेजारी थांबला. काकाजी पाखऱ्याला घेऊन थेट आपल्या घरी गेले होते. रीनानं ताट खाली ठेवलं. मी आत जाऊन ओला शर्ट काढायला लागलो, तर खांदा वर होईना. तसाच खाटेवर बसून राहिलो. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपणच आपल्या माणसाला गमावलं, एवढंच मनात येत होतं.

अर्ध्या तासानं पुन्हा घुंगरं वाजली. दारात पाखऱ्या होता, आणि त्याचा दोर धरून काकाजी. मिशीला पुरण लागलेलं. पार्वताबाईंच्या हातात काल पाखऱ्याला लावून उरलेल्या तूप-हळदीची वाटी.

"पयले त्याले जेवू घातलं, मंग मी जेवलो. म्हनून उशीर झाला," काकाजी म्हणाले. "रीना, दे बाई त्याले तुयी पोयी. अन् हा काहून असा वाकडा बसला?"

"खांदा," रीना म्हणाली. "वरठीले जाऊन आले ना पावसात. सकायपासून पोटात काई नाई."

काकाजी आत आले. त्यांनी माझा अर्धवट काढलेला शर्ट खाली ओढला, वाटीत बोटं बुडवली आणि माझ्या उघड्या खांद्यावर तूप-हळद चोळायला सुरुवात केली. हात जड होता आणि जिथं दुखत होतं बरोबर तिथं पडत होता. माझे वडील बैलाचा खांदा चोळायचे तसाच. मी बसल्या बसल्या मान खाली घातली. दारातून पाखऱ्या पोळी चघळत माझ्याकडे पाहत होता.

चोळून झाल्यावर काकाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," ते म्हणाले. मग दाराशी जाऊन थांबले, वळले. "अन् गयात दोर बांधून येजो. नाई तं तुया समितीवाले पकडून नेतीन."